बाळ येणार त्या वर्षाचे वैयक्तिक संकल्प कसे ठरवावेत?

प्रश्न : पहाटवारा

डिसेंबर संपत आला की येणाऱ्या वर्षाचे चार-पाच संकल्प मी वहीत लिहून काढते आणि वर्षभर ते मनापासून पाळण्याचा प्रयत्न करते. यंदा मला पाचवा महिना लागला असून डॉक्टरांनी मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यातली तारीख दिली आहे. प्रकृती आतापर्यंत उत्तम आहे. हे आमचे पहिलेच बाळ असल्याने घरात आनंद आहे, पण वही उघडली की हात थांबतो, कारण वर्षाचा उत्तरार्ध कसा जाईल याचा मला काहीच अंदाज बांधता येत नाही.

मनात तीन गोष्टी आहेत. माझ्या व्यवसायातल्या पात्रता परीक्षेचा शेवटचा टप्पा राहिला आहे आणि ती परीक्षा वर्षातून दोनदा, मार्चमध्ये व सप्टेंबरमध्ये होते. मी काही वर्षांपासून नियमित धावते आणि दहा किलोमीटरची शर्यत पूर्ण करण्याची इच्छा अजून बाकी आहे. तिसरी गोष्ट म्हणजे अर्धवट राहिलेल्या माझ्या कथा पूर्ण करणे.

जवळची माणसे दोन टोकांचे सल्ले देतात. काहींच्या मते हे वर्ष बाळाचे आहे, तेव्हा स्वतःसाठी काही ठरवूच नये. काहींच्या मते मनावर घेतले की सगळे जमते. पहिला सल्ला ऐकला की यात मी कुठे उरणार अशी धास्ती वाटते, आणि दुसरा ऐकला की जमले नाही तर दोष माझाच ठरेल असे वाटते. ज्यांनी अशा वर्षात स्वतःसाठी काही ठरवले आणि निभावले, त्यांनी ते कसे ठरवले? कोणती कामे आधी उरकावीत, कोणती पुढे ढकलावीत आणि कोणती बाळ झाल्यावरही चालू ठेवता येतात?

उत्तर : दोन लेकरांची आई

प्रथम मनःपूर्वक अभिनंदन. माझे मत असे आहे की या वर्षाचे संकल्प जानेवारी ते डिसेंबर असे मांडूच नयेत, कारण तुमचे वर्ष प्रसूतीच्या अलीकडचे आणि पलीकडचे अशा दोन अगदी वेगळ्या भागांत पडणार आहे. त्यातही दिलेली तारीख हा अंदाजच असतो. साधारण वीस बाळांमागे एखादेच बाळ नेमके त्या दिवशी जन्मते आणि ३७ ते ४२ आठवड्यांच्या दरम्यान केव्हाही प्रसूती झाली तरी त्यात वावगे काही नसते. म्हणून ज्या कामाला ठरलेली तारीख आहे, ते ३७ व्या आठवड्याच्या बरेच आधी संपेल असे पाहावे. तुमची परीक्षा मार्चमध्ये आहे, तेव्हा तुम्हाला साधारण सातवा-आठवा महिना असेल. डॉक्टरांची हरकत नसेल तर तीच संधी घ्या आणि जानेवारी-फेब्रुवारीतली शक्ती मुख्यतः अभ्यासाला द्या.

आता बाळ झाल्यानंतरचे. पहिल्या महिन्यांत वेळच मिळत नाही असे सगळे सांगतात, पण मला ते वर्णन अपुरे वाटते. नवजात बाळ दिवसरात्र मिळून साधारण १४ ते १७ तास झोपते, म्हणजे कागदावर पाहिले तर आईला बरेच तास मोकळे दिसतात. मात्र ती झोप दोन-दोन, तीन-तीन तासांच्या तुकड्यांत असते, आणि अंगावर पिणारे बाळ चोवीस तासांत ८ ते १२ वेळा पिते. म्हणजे खरी टंचाई सलग वेळेची आणि सलग झोपेची असते. ही गोष्ट लक्षात आली की कोणता संकल्प टिकेल हे ओळखणे सोपे जाते. दोन तास एकाग्र बसल्याशिवाय जे होत नाही, ते त्या काळात ठेवू नये. जे पंधरा मिनिटांत थोडे पुढे सरकते आणि मध्येच सोडावे लागले तरी बिघडत नाही, ते ठेवावे. परीक्षेचा अभ्यास पहिल्या प्रकारात येतो. कथेतला एखादा परिच्छेद दुसऱ्या प्रकारात बसू शकतो, निदान पहिला कच्चा खर्डा तरी.

सवयीविषयी एक गोष्ट आवर्जून सांगते. फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एखादी रोजची कृती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागल्याचे आढळले होते, जरी कोणाला १८ दिवस पुरले आणि कोणाच्या बाबतीत हा अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. मध्ये एखादा दिवस चुकल्याने फारसा फरक पडत नाही, हेही त्यात दिसले. तुमच्या हाती जानेवारीपासून चार महिन्यांहून अधिक काळ आहे, म्हणजे एक छोटी सवय पक्की व्हायला तो पुरेसा ठरावा. मात्र ती ज्या प्रसंगाला जोडाल, तो प्रसंग बाळंतपणानंतरही उरणारा असावा. ‘कार्यालयातून आल्यावर लिहीन’ असे ठरवले तर रजा सुरू होताच सवयीचा आधार निघून जाईल. ‘सकाळचा चहा घेतल्यावर पाच ओळी लिहीन’ असे ठरवले तर ती मोडली तरी पुन्हा जोडता येते.

उत्तर : चालती बोलती

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि गरोदर व बाळंत झालेल्या स्त्रियांबरोबर काम करते, त्यामुळे केवळ धावण्याविषयी लिहिते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, वैद्यकीय अडचण नसलेल्या गरोदर स्त्रीने आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम करावा. मध्यम म्हणजे व्यायाम करताना गप्पा मारता येतात, पण गाणे म्हणता येत नाही, इतपत. तुम्ही आधीपासून नियमित धावत असल्याने तुमच्या डॉक्टरांच्या संमतीने काही काळ हळूहळू धावणे चालू ठेवता येईल. पोट वाढू लागले की तोल बदलतो, सांधे सैल होतात आणि बहुतेकजणी आपोआपच चालण्याकडे वळतात. वळावे लागले तर वाईट वाटून घेऊ नये. अंगावरून रक्त किंवा पाणी जाणे, चक्कर येणे, छातीत दुखणे, पोटात नियमित कळा येणे, पोटरी दुखणे किंवा सुजणे यांपैकी काहीही झाले तर व्यायाम तत्क्षणी थांबवून डॉक्टरांना कळवावे.

प्रसूतीनंतर साधारण पहिले तीन महिने धावू नये, असे आमच्या क्षेत्रात सामान्यतः सांगितले जाते आणि सिझेरियन झाले असेल किंवा टाके जास्त असतील तर त्याहून अधिक धीर धरावा लागतो. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांना खालून आधार देणारे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू गरोदरपणात आणि प्रसूतीत खूप ताणले जातात. ते पुन्हा बळकट होण्याआधी धावण्याचे धक्के बसले तर लघवीवरचा ताबा सुटणे, खाली जडपणा जाणवणे असे त्रास मागे लागू शकतात. तेव्हा दहा किलोमीटरची शर्यत पुढच्या वर्षासाठी राखून ठेवा, असे मी स्पष्टच सांगेन. या वर्षी त्याच शर्यतीची पायाभरणी होऊ शकते : प्रसूतीपर्यंत आठवड्याचे १५० मिनिटे चालणे आणि आतापासून रोज ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम. ते व्यायाम एकदा तज्ज्ञाकडून नीट शिकून घ्यावेत, कारण अनेकजणी आवळण्याऐवजी खाली जोर देतात.

वजनाचा आकडा मात्र संकल्पात लिहू नका. ज्या स्त्रीचे वजन उंचीच्या मानाने योग्य आहे, तिचे गरोदरपणात ११.५ ते १६ किलो वाढणे अपेक्षितच आहे, आणि बाळंत झाल्यावर ‘अमुक महिन्यांत पूर्ववत’ अशी मुदत घालून घेतलेल्या स्त्रिया माझ्याकडे अतिशय खचून येतात. ते पाहून मला फार वाईट वाटते.

उत्तर : रात्रपाळीचा बाबा

आमचे बाळ आता पहिल्या वाढदिवसाच्या जवळ आले आहे, म्हणून बाबांच्या बाजूने लिहितो. ताई, तुमच्या तिन्ही संकल्पांत तुम्ही एकट्याच आहात. बाळ झाल्यावर तुमच्या पंधरा मिनिटांसाठीही कोणीतरी बाळाला घेऊन बसावे लागेल, म्हणजे तुमचा प्रत्येक संकल्प हा दुसऱ्या कोणाच्या तरी वेळेवर उभा असेल. ते माणूस कोण आणि ती वेळ कोणती, हे आत्ताच, दोघांची झोप पूर्ण होते आहे तोवर, समोरासमोर बसून ठरवावे.

‘मी मदत करीन’ हे वाक्य आम्ही दोघांनी त्या चर्चेतून वगळले होते, कारण त्यातून कोणालाच काही कळत नाही. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये मांडलेली ‘जर अमुक झाले, तर मी तमुक करीन’ अशी पद्धत आम्ही वापरली. सकाळचे पहिले दूध पिऊन झाले, तर ढेकर काढणे, लंगोट बदलणे आणि पुढचा तासभर बाळ माझ्याकडे. तो तास पत्नीचा. त्यात तिने झोपावे, वाचावे की खिडकीपाशी बसावे, हे तिचे तिने ठरवावे आणि त्याचा हिशेब कोणी मागू नये, हा त्यातला सर्वांत महत्त्वाचा भाग होता. सुरुवातीचे कित्येक आठवडे ती त्या तासात फक्त झोपली आणि तेही मला पूर्ण योग्य वाटते.

दोघांच्या यादीत एक गोष्ट अवश्य असावी, ती म्हणजे मनाकडे लक्ष ठेवणे. प्रसूतीनंतर पहिले काही दिवस रडू येणे, चिडचिड होणे हे बहुतेकींना होते आणि साधारण दोन आठवड्यांत ओसरते. त्यापुढेही उदासी राहिली, बाळाविषयी काही वाटेनासे झाले किंवा बाळ झोपलेले असतानाही झोप लागेना, तर डॉक्टरांकडे जायलाच हवे, आणि स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार आले तर एक क्षणही थांबू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रियांपैकी सुमारे १३ टक्के स्त्रियांना मानसिक आजाराचा, मुख्यतः नैराश्याचा, त्रास होतो. वडिलांनाही असे नैराश्य येऊ शकते. अशा वेळी वहीतल्या संकल्पांचा विचार कोणीही करू नये.

उत्तर : सातव्या महिन्यातली आई

वरच्या सगळ्या उत्तरांबद्दल आदर राखून मी थोडे वेगळे सांगते. माझे बाळ ३४ व्या आठवड्यात झाले आणि पुढचा बराच काळ आम्ही नवजात अतिदक्षता विभागाच्या दाराशी काढला. जगभरात साधारण दहापैकी एक बाळ ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मते, म्हणजे ही काही अतिदुर्मिळ गोष्ट नाही. तुमच्या बाबतीत तसे होईल असे मी मुळीच म्हणत नाही. पण प्रसूतीनंतरच्या पहिल्या तीन महिन्यांसाठी पंधरा मिनिटांचासुद्धा संकल्प लिहू नये, असे माझे ठाम मत आहे. पान कोरे ठेवावे. त्या काळात पाच ओळी लिहिल्या गेल्या तर त्याचा आनंद मिळेल. आधी ठरवून त्या राहिल्या, तर थकलेल्या मनाला तेही एक अपयश वाटते. सहा महिने बाळाला फक्त आईचे दूध द्यायचे असेल तर तेच मोठे, शरीर शिणवणारे काम आहे, आणि त्याची नोंद कोणत्याही वहीत होत नाही.

प्रश्नकर्तीचे उत्तर : पहाटवारा

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री आम्ही दोघे ही उत्तरे वाचत बसलो होतो. मार्चची परीक्षा द्यायची, शर्यत पुढच्या वर्षी ठेवायची आणि प्रसूतीपर्यंत चालणे व ते विशिष्ट व्यायाम करायचे, इतके नक्की झाले आहे. सकाळचा एक तास कोणाचा, हेही ठरले. पहिले तीन महिने कोरे ठेवण्याचा सल्ला मला पटला, आणि तो वाचून छातीवरचे ओझे उतरल्यासारखे वाटले. त्यानंतर मात्र कथांकडे परत यायचे आहे. अडचण अशी की मी हाताने, टेबलाशी बसून लिहिते आणि बाळ मांडीवर असताना ते शक्य होणार नाही. यावर कोणी काही मार्ग काढला आहे का?

उत्तर : दोन लेकरांची आई

तीन महिन्यांच्या कोऱ्या पानाचा सल्ला माझ्या सल्ल्यापेक्षा अधिक समंजस आहे, तो जरूर पाळा. लेखनासाठी मोबाइलवर बोलून ध्वनिमुद्रण करण्याची सवय आत्तापासून लावून घ्या. तुम्ही रोज चालणारच आहात, तर चालताना कथेतला एखादा प्रसंग मोठ्याने सांगून पाहा. सुरुवातीला स्वतःचा आवाज ऐकायला अवघडल्यासारखे होते, पण दोन-तीन आठवड्यांत वाक्ये मनात आधी जुळू लागतात. आणखी एक करता येईल : मार्चनंतर प्रत्येक अर्धवट कथेच्या शेवटी ‘पुढे काय व्हायचे आहे’ हे चार ओळींत लिहून ठेवा. मध्ये कितीही महिने गेले तरी त्या चार ओळी वाचून कथेत शिरता येते, पूर्ण कथा पुन्हा वाचत बसावी लागत नाही.