नगरसेवक सभागृहात, नागरिक व्हिडिओवर: तुमचं मत काय?

वाघोलीवाला: मार्च 2022 पासून जानेवारी 2026 च्या निवडणुकीपर्यंत पुणे महापालिकेत नगरसेवकच नव्हते. मुख्य सभा म्हणजे प्रशासक, स्थायी समिती म्हणजेही प्रशासक. आता 165 जण निवडून आलेत, तर निदान प्रभाग समितीच्या (आपल्या भागातल्या नगरसेवकांच्या समितीच्या) बैठका व्हिडिओ कॉन्फरन्सने लोकांना खुल्या करा. 2021 ला हद्दीत आलेल्या 23 गावांत आमचं गाव. टँकरबद्दल दोन वाक्यं बोलायला नगर रस्त्याच्या ट्रॅफिकमध्ये अर्धा दिवस घालवायचा? कोविडमध्ये सभा ऑनलाइन झाल्याच की.

शनिवारपेठी: त्याच सभांमुळे माझा विरोध आहे. सभागृहात विरोधक महापौरांसमोरच्या मानदंडापाशी (सभेच्या अधिकाराचं चिन्ह असलेल्या दंडापाशी) जाऊन गोंधळ घालतात, बघायला वाईट दिसतं, पण विषय अडतो. ऑनलाइनला म्यूटचं बटण अध्यक्षाच्या हातात. अजेंड्यावर नसलेला ऐनवेळचा विषय आला कधी आणि मंजूर झाला कधी, पत्ता लागायचा नाही. आमच्या सोसायटीची एजीएम एकदा अशीच ऑनलाइन घेतली. लिफ्टच्या खर्चाचा विषय निघाला आणि अध्यक्षांचं नेट गेलं. आलं ते थेट आभारप्रदर्शनाला.

वाघोलीवाला: नगरसेवकांना घरी बसवा असं मी कुठे म्हटलंय? हजेरी, मतदान, भांडण सगळं सभागृहातच. स्क्रीन फक्त आमच्यासाठी.

नोकरीवाली: +1. तीन लाखांवरच्या शहरांत प्रभाग समित्या आल्या त्या 74 व्या घटनादुरुस्तीने, लोकांच्या जवळ जायला. आणि बैठक कामाच्या दिवशी दुपारी! ऑफिसातून पंधरा मिनिटं काढता येतील, रजा नाही मिळत. शिवाय रेकॉर्डिंग राहील. इतिवृत्तात नुसतं ‘चर्चा झाली’ येतं, अधिकारी नक्की काय कबूल करून गेला ते गायब.

शनिवारपेठी: रेकॉर्डिंगला माझी ना नाही. पण काटछाट न करता त्याच दिवशी वेबसाइटवर टाकणार कोण? आणि समोर उभं राहून खड्ड्याचा फोटो टेबलावर ठेवला की अधिकाऱ्याला काहीतरी बोलावंच लागतं. स्क्रीनवरच्या चौकटीकडे तो बघेल तरी का?

धनकवडीकर: माझ्या आईला लिंक उघडत नाही, पण क्षेत्रीय कार्यालयात जाऊन ती सगळ्यांना गप्प करते. दोन्ही सोयी ठेवा, विषय संपला.

वाघोलीवाला: शनिवारपेठी, तुम्ही पालिकेपर्यंत चालत जाऊ शकता, म्हणून टेबल आठवतं. आम्ही बाकावर तासभर बसून ‘पाहून सांगतो’ ऐकून येतो. तेच घरून ऐकू, पेट्रोल तरी वाचेल.