राउखबिअर (धुराच्या वासाची बिअर) आवडून घ्यायची आहे, मदत हवी आहे

रेग्नित्झकाठी

मंडळी, नमस्कार.

प्रश्न जरा विचित्र आहे, हसू नका. किंवा हसा, पण उत्तर देऊन हसा.

मी मूळचा पुण्याचा, गेली दीड वर्षं जर्मनीत एर्लांगेनला आहे. बिअरमधली माझी मजल सांगतो म्हणजे अंदाज येईल. कॉलेजात किंगफिशर, तीही दात शिवशिवतील इतकी गार. नोकरी लागल्यावर मुंढव्याच्या बाजूला ब्रुअरीत बसायला लागलो, तिथे केळ्याचा वास येणारी व्हीट बिअर आवडली. मग कायम तीच. मेनूकार्ड उलटायचंच नाही.

इथे आमच्या विभागात एक ज्येष्ठ सहकारी आहेत, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले, पक्के बांबर्गकर. आम्ही देशी पोरं त्यांना आपापसात आप्पा म्हणतो. महिन्यातल्या एका गुरुवारी आप्पा आम्हाला ऑफिसातून थेट रेल्वेने बांबर्गला नेतात, अर्ध्या-पाऊण तासाचा प्रवास आहे. आणि नेतात कुठे, तर श्लेंकर्ला नावाच्या ब्रुअरीत. जुनं लाकडी घर, आत काळवंडलेल्या तुळया, लाकडी पिंपाच्या तोटीतून सरळ ग्लासात धरलेली गडद तांबूस बिअर. दिसायला इतकी देखणी की फोटो काढून घरी पाठवला.

ग्लास तोंडाजवळ नेला आणि मी थेट आजोळी पोचलो. आजी चुलीवर दूध तापवायची. लाकूड ओलं असलं की दुधाला धुराचा वास लागायचा. मी नाक मुरडलं की "काही होत नाही, पी गपचूप" म्हणायची. तोच वास. फरक इतकाच की इथे त्याचे पैसे मोजायचे.

पहिल्या घोटाला विचित्र वाटलं तरी थांबू नका, असं खुद्द श्लेंकर्लावाल्यांनीच छापून ठेवलंय. आप्पांचं म्हणणं, तीन जायडला पोटात गेल्याशिवाय मत द्यायचं नाही. जायडला म्हणजे इकडचा अर्धा लिटर. मी पाच गुरुवार गेलो आणि एकदाही पहिला ग्लास संपवू शकलो नाही. पाचव्या वेळी उरलेली बिअर शेजारच्या तेलुगू मित्राच्या ग्लासात ओतत होतो, ते आप्पांनी पाहिलं. बोलले काहीच नाहीत. सहाव्या वेळी मला न विचारता माझ्यापुढे सफरचंदाचा रस मागवला.

तो रस फार लागला हो मनाला.

हे फक्त धुराच्या बिअरचं नाही. न्यूरेंबर्गला एका क्राफ्ट बिअरच्या बारमध्ये आयपीए नावाची कडू बिअर घेतली, कडुनिंबाचा पाला चावल्यासारखं झालं. लाइपझिगला गोझे नावाची आंबट बिअर प्यायलो, बाटली खराब निघाली म्हणून परत करणार होतो.

तर विचारायचं असं: चव अशी खरंच लावून घेता येते का, की माणूस चार लोकांत बसून स्वतःची समजूत घालतो? लावून घेता येत असेल तर कशी? बायको म्हणते, "लहानपणी कारलं खायला लावलं तेव्हा कुणाला मदत मागितली होतीस?"

खमंग_फोडणी

पैसे देऊन धूर प्यायचा आणि वर त्याची शिकवणी लावायची! आमच्याकडे या, चूल पेटवून देतो, फुकटात घ्या.

(वहिनींना मात्र +१.)

तांब्याचं_पातेलं

खमंगराव, गप्प बसा जरा. प्रश्न चांगला आहे. मी नोकरीनिमित्त सहा वर्षं न्यूरेंबर्गला होतो, आता पुण्यात घरच्या घरी बिअरचे उद्योग करतो, म्हणून थोडं लांबण लावतो.

पहिली गोष्ट म्हणजे धूर हा काही त्या लोकांचा चावटपणा नाही. जवाला मोड आणायचे आणि ते वेळेत थांबवायला वाळवायचे, हे झालं माल्ट. पूर्वी ते लाकडाच्या जाळावर वाळवायचे, त्यामुळे धूर बहुतेक सगळ्याच बिअरमध्ये असायचा. १७ व्या शतकात इंग्लंडात माल्ट कोकवर, म्हणजे दगडी कोळशापासून केलेल्या कमी धुराच्या इंधनावर, वाळवायला सुरुवात झाली. पुढे धूर धान्याला न लावता नुसती गरम हवा देणाऱ्या भट्ट्या आल्या, आणि जगाने धूर सोडला. बांबर्गच्या दोन घरांनी सोडला नाही: श्लेंकर्ला आणि श्पेत्सियाल. दोघंही आजही आपलं माल्ट स्वतः, बीच नावाच्या झाडाच्या लाकडावर धुरवतात.

आता तुमची चूक. चूक तुमची नाही खरं तर, आप्पांची आहे. त्यांनी तुम्हाला पोहायला शिकवायला थेट विहिरीत ढकललं. श्लेंकर्लाची मेर्त्सेन ही या प्रकारातली दणकट बिअर. तुम्ही स्टेशनवर उतरलात की आधी ओबेरे क्योनिगश्ट्रासेवर श्पेत्सियाल लागतं, चालत काही मिनिटांवर. १५३६ पासूनचं आहे. त्यांच्या लागर बिअरमध्ये धूर आहे, पण हुरड्याच्या कणसाला असतो तेवढाच. आधी धान्याचा गोडवा लागतो, धूर मागून येतो. दोन महिने फक्त तिथेच बसा. श्लेंकर्लाकडे फिरकू नका.

दुसरं, तुम्हाला केळ्याचा वास आवडतो ना? त्याच व्हीट बिअरमध्ये केळ्याच्या मागे एक लवंगेसारखा वास असतो. पुढच्या वेळी तो शोधा. लवंगेचा तो वास आणि धुराचा वास रसायनाच्या हिशेबाने एकाच कुळातले, म्हणजे फिनॉल. श्लेंकर्लाचीच धुराची व्हीट बिअर बाटलीत मिळते. तिच्यातलं गव्हाचं माल्ट धुरवलेलं नसतं, फक्त जवाचं असतं. म्हणून ती सौम्य. ओळखीच्या माणसाचा हात धरून अनोळखी घरी जावं तसं होईल.

तिसरं, बर्फासारखी गार पिऊ नका. इतक्या गारव्यात वास दबतो आणि जिभेला कळतं ते फक्त गार आणि बोचरं. फ्रीजमधून काढून दहा-पंधरा मिनिटं तशीच ठेवा.

आयपीएचं: बारमध्ये त्या लाकडी फळीवर चार छोटे ग्लास घेतले होतेत का? घेतले असणारच. कडू बिअरनंतर कडू बिअर म्हणजे चौथीपर्यंत जीभ संपावर. एकच घ्या, आणि बाटलीवरची तारीख बघून ताजी घ्या. हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडूपणा देणाऱ्या फुलांचा, संत्र्या-आंब्यासारखा सुवास काही महिन्यांत उडून जातो आणि कडूपणा तेवढा मागे राहतो. तुम्हाला बहुधा जुनी बाटली मिळाली असावी. आणि आयपीएच्या आधी साधी पेल एल, ती कमी कडू असते.

लाइपझिगची_चिमणी

गोझेला नावं ठेवलेली पाहून राहवेना म्हणून लिहितेय.

दादा, गोझेत काय असतं ठाऊक आहे का? मीठ, धने आणि लॅक्टिक आंबटपणा, म्हणजे दह्यातलाच. हे वाचून काही आठवतंय? लग्नाच्या पंगतीतला मठ्ठा! तुम्ही बिअर समजून प्यायलात म्हणून बाटली खराब वाटली. मठ्ठा समजून प्यायला असतात तर दुसरा ग्लास मागितला असतात. मीही पहिल्यांदा फसले होते, पण मला कुणी आधी "थोडी खारट लागेल" एवढंच सांगितलं आणि सगळं जागेवर आलं.

लाइपझिगमधून हा प्रकार एकदा जवळपास नाहीसाच झाला होता. आता जुन्या बायरिशर बानहोफ स्टेशनच्या इमारतीत २००० सालापासून पुन्हा गाळतात. उन्हाळ्यात तिथे बाहेर बसून प्या, सोबत तळलेलं काहीतरी. परत करायला जाणार होतात म्हणे!

रेग्नित्झकाठी

तांब्याचं पातेलं, लाकडी फळीच होती आणि चारच ग्लास होते. घरात कॅमेरा लावलाय का?

चिमणीताई, मठ्ठ्याचं डोक्यातच आलं नव्हतं. आता स्वतःचीच लाज वाटतेय.

पण आप्पांच्या तीन ग्लासांचं काय? ते खरं आहे का? कारण शेजारच्या तेलुगू मित्राला तिसऱ्या ग्लासाला खरंच आवडली होती. (त्यातला अर्धा माझा होता, तो भाग वेगळा.)

मळ्यातला_चहा

मी चहाच्या धंद्यात आहे, दिवसाला शेकड्याने कप चाखतो. बिअरमधलं फारसं कळत नाही, पण नाकातलं कळतं.

तिसऱ्या ग्लासाला आवडली, याचा अर्थ आवडली असा नाही. एकच वास सतत येत राहिला की नाक त्याची नोंद घेणं कमी करतं. मच्छीबाजारात शिरताना येणारा वास दहा मिनिटांनी येत नाही, तसंच. तिसऱ्या ग्लासापर्यंत धूर नाकाआड गेलेला असतो, आणि तोवर दीड लिटर पोटात गेलेली असते. त्या अवस्थेत माणसाला शेजारच्या टेबलावरचं गाणंसुद्धा आवडतं.

खरी परीक्षा पुढच्या खेपेचा पहिला घोट. नाक ताजं, पोट रिकामं, आणि तेव्हा काय वाटतं ते बघायचं. तुमचा "समजूत घालतो का" हा प्रश्न तिथेच सुटतो. मी नवीन पोरांना हेच सांगतो. लॅपसांग सूशाँग नावाचा चिनी चहा पाइनच्या धुरावर वाळवतात. पहिल्यांदा चाखणारा हमखास म्हणतो, डांबर आहे. मी त्याला भांडंभर पाजत नाही. रोज एक कप, तीन आठवडे, आणि वहीत रोज एकच ओळ: धुराशिवाय आणखी काय लागलं? पहिल्या आठवड्यात वही कोरी असते. मग कुणी गूळ लिहितो, कुणी मनुका.

नुसत्या वारंवार भेटीने आवड वाढते, हे रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ मध्ये दाखवलं होतं, तेही खाण्यापिण्यावर नव्हे, तर निरर्थक शब्द, अनोळखी अक्षरं आणि चेहऱ्यांच्या फोटोंवर. पण माझा अनुभव असा की नाक दाबून घेतलेली भेट मोजायची नाही. तुमचे पाच गुरुवार नाक दाबूनच गेले असणार.

म्हणून कमी प्या. अर्धा ग्लास पुरे. उरलेला ओतायचा असेल तर उघड ओता.

खमंग_फोडणी

बरं, आता मीही मदत करतो. रिकाम्या तोंडी पिऊ नका. वांग्याचं भरीत सुचवणार होतो, पण धुरावर धूर होईल. सुका बोंबील भाजून, लसूण-मिरची घालून चेचलेली चटणी आणि भाकरी. खारट, तिखट, भाजकं. पुढचं मला विचारू नका, मी ताक पितो.

रेग्नित्झकाठी

अडीच महिने झाले, अहवाल देतो.

श्पेत्सियालला चार वेळा गेलो, दोनदा एकटा. चहावाल्यांच्या सांगण्यावरून फोनमध्ये एकेक ओळ लिहिली. पहिल्या दोन ओळी: "धूर." "धूर, जरा कमी." तिसरी: "भाजलेल्या पावाची कड." चौथीत मी हुरडा लिहिलाय. पण पातेल्यांनी आधीच सांगून ठेवल्यामुळे तो मला लागला की आठवला, कोण जाणे.

घरी धुराच्या व्हीट बिअरची बाटली आणली आणि आईने पाठवलेले बोंबील भाजले. खालच्या मजल्यावरच्या आजी जिना चढून आल्या, काही जळतंय का विचारायला. पण खमंगराव, तुमची जोडी जमली. तिखटाने तोंड पेटलं की त्या बिअरचा गोडवा एकदम पुढे येतो, आणि धूर बोंबलाचा की बिअरचा ते कळत नाही. बायकोने चटणी खाल्ली, बिअर वासावरच नाकारली.

आणि काल श्लेंकर्ला. आप्पांनी सवयीने माझा रस सांगितला, मी मध्येच माझ्या मोडक्या फ्रँकिशमध्ये, म्हणजे इकडच्या बोलीत, एक जायडला मागितली. पहिला घोट घेतला. चुलीवरचं दूध आहेच अजून, गेलेलं नाही. पण या वेळी त्याच्याखाली काहीतरी होतं, करपत आलेल्या साखरेसारखं. एक ग्लास पाऊण तास पुरवला आणि संपवला. दुसरा घेतला नाही. आप्पा काहीच बोलले नाहीत, माझ्या वाट्याचा सफरचंदाचा रस स्वतःकडे ओढला आणि तोंड वाकडं करत पिऊन टाकला.

गोझेचं अजून बाकी आहे, चिमणीताई, उन्हाळ्यात येतो. आयपीए ताजी आणून पाहिली. कडुनिंबच.

खमंग_फोडणी

बोंबील किती घेतले होते? आणि खालच्या आजींना दिले का?

रेग्नित्झकाठी

दिले. डबा धुऊन परत आला, आत दोन सफरचंदं होती.