मदत हवी आहे: कोरिप्पोला आईबाबांना घेऊन जावं का?

नमस्कार मंडळी. आम्ही झ्युरिकला राहतो. सप्टेंबरात आईबाबा येतायत आणि बाबांचं एकच म्हणणं, "ते बर्फाचे डोंगर सगळेच बघतात, मला एखादं खेडं दाखव."

म्हणून स्वित्झर्लंडच्याच तिचिनो प्रांतातलं, वेरझास्का खोऱ्यातलं कोरिप्पो डोक्यात आहे. डोंगरउतारावर एकमेकांना चिकटलेली दगडी घरं, छपरंही दगडाचीच. एकोणिसाव्या शतकात तिथे जवळजवळ ३०० माणसं होती. पोटासाठी एकेक करून निघून गेली आणि शेवटी जेमतेम डझनभर उरली. तरी गावाची स्वतःची नगरपालिका होती, देशातली सगळ्यात लहान! २०२० मध्ये ती खोऱ्यातल्या इतर गावांबरोबर वेरझास्का या नव्या नगरपालिकेत विलीन झाली. (आमच्या कोकणातल्या वाडीची आठवण झाली. फक्त तिकडे गणपतीला तरी घरं उघडतात.)

२०२२ पासून तिथल्या काही जुन्या घरांतच हॉटेल सुरू झालंय. खोल्या गावभर विखुरलेल्या, म्हणजे जेवायला जायचं तरी गल्लीतून चालत. इथेच माझी अडचण आहे. आईचे गुडघे दुखतात आणि गल्ल्या म्हणजे उताराच्या, दगडी पायऱ्यांच्या.

कुणी तिथे राहिलंय का? पायऱ्या खरंच किती आहेत? जवळच्या लोकार्नो शहरातून बसने गेलं तर उतरल्यावर गावापर्यंत चढ किती? आणि आई पूर्ण शाकाहारी आहे, पोलेंटाशिवाय (मक्याच्या पिठाची घट्ट लापशी) काही मिळेल का? की लोकार्नोतच मुक्काम करून दिवसभरात जाऊन यावं?