'फर्स्ट क्लास' म्हणजे नक्की कितवा? अमेरिकेतली देशांतर्गत विमानं आणि आपले शब्द

काठावरपास :
गेल्या उन्हाळ्यात आई-बाबा आले होते. शिकागोहून फिनिक्सला बहिणीकडे जायचं ठरलं. बाबांचे गुडघे कुरकुरतात, म्हणून त्या दोघांची पुढची तिकिटं काढली आणि घरच्या ग्रुपवर लिहून मोकळा झालो, "पहिल्या वर्गाची तिकिटं काढली आहेत." झालं! बाबांनी बॅगेच्या तळातला कोट काढून त्याला इस्त्री केली. आईने दशम्यांचा बेत रद्द केला, "तिथे काय कमी असणार आहे!" आणि पुण्यात मावशीपर्यंत बातमी पोचली की दोघं विमानात झोपून जाणार आहेत.

विमान साधं बोइंग ७३७. दारातून आत गेलं की पहिल्या चार रांगा, वाटेच्या अल्याड दोन खुर्च्या, पल्याड दोन. मी मागे एकविसाव्या रांगेत, त्यामुळे पुढची हकिगत आईच्या तोंडची. बाबांनी आधी खुर्चीची कळ शोधली. सापडली, दाबली, पाठ चार-सहा बोटं मागे गेली आणि थांबली. मग टेबल शोधलं, ते हाताखालच्या खणातून घडी उलगडत बाहेर आलं. मग त्यांनी सेविकेला विचारलं, "बेड?" तिने हसून पांघरूण आणून दिलं. जेवणाची पाळी तिसऱ्या रांगेपर्यंत येईतो पास्ता संपला होता, चिकन उरलं होतं. आईने पाव आणि दोन बिस्किटांवर वेळ मारून नेली. कंपनीचं नाव घेत नाही.

आता सप्टेंबरात काका-काकू येणार आहेत. त्यांच्यासाठी मराठीत एक कागद लिहून ठेवतो आहे. 'पहिला वर्ग' लिहायचा नाही हे नक्की. मग काय लिहू?

ठाणे_फास्ट :
लोकलचा फर्स्ट क्लास आठवा, उत्तर मिळेल. गाडी तीच, रूळ तेच, पोचायची वेळ तीच. मध्ये एक पत्रा, पलीकडे जरा गादी. उशीर झाला तर दोघांनाही झाला. शिकागो–फिनिक्सचं तुमचं तिकीट हेच होतं, फक्त पत्र्याऐवजी पडदा.

बारीकसारीक :
घोळ विमानाचा नाही, आपल्या शब्दाचा आहे. मराठीत 'फर्स्ट क्लास' हा क्रमांक उरलेलाच नाही, ती शाबासकी आहे. "मिसळ कशी होती?" "फस्क्लास!" साठ टक्के पडले की फर्स्ट क्लास, आणि त्या पेढ्यांची चव आयुष्यभर जिभेवर. उलट बाजूचंही बघा. रेल्वेने तिसरा वर्ग १९७४ साली काढून टाकला, पण 'थर्ड क्लास माणूस' अजून धडधाकट आहे. आपल्याकडे हे आकडे गुण सांगतात.

अमेरिकी विमानात मात्र 'फर्स्ट' म्हणजे अक्षरशः पहिला. पुढून पहिला. दोनच वर्ग असलेल्या विमानात जो पुढे तो फर्स्ट. मागच्याच्या तुलनेत बरा, एवढंच त्याचं म्हणणं. आपल्याकडे अशाच दोन-दोनच्या खुर्च्यांना एअर इंडियाच्या देशांतर्गत विमानात 'बिझनेस' म्हणतात. खुर्ची जवळपास तीच, पाटी वेगळी.

म्हणून माझी सूचना : 'पुढची केबिन' किंवा नुसतं 'पुढचं तिकीट'. तुम्ही स्वतःच पहिल्या परिच्छेदात "पुढची तिकिटं काढली" असं लिहिलंय. ग्रुपवर लिहिताना हात आखडला म्हणून 'वर्ग' आला.

काठावरपास :
खरंय. ग्रुपवर लिहिताना जरा मिरवायचंही होतं. कबूल.

शासकीय_मराठी :
'प्रथम श्रेणी' का नको? 'वर्ग एक'चा अधिकारी म्हणतो तेव्हा कोणी त्याच्याकडे पलंग मागत नाही.

बारीकसारीक :
'प्रथम श्रेणी' म्हटलं की डोळ्यांसमोर गुणपत्रिका येते. आणि 'वर्ग एक' म्हटलं की काका दारात शिपाई शोधतील.

दुपारची_झोप :
थांबा, यात एक मोठी खोच आहे आणि कागदावर ती आली नाही तर काका-काकू फसतील. मी कामासाठी न्यूयॉर्क आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या मध्ये येऊन-जाऊन असते. या किनाऱ्यावरून त्या किनाऱ्याला जाणाऱ्या काही ठरावीक विमानांत खरोखरच आडवं पडता येतं. पण त्याला 'फर्स्ट' म्हणतीलच असं नाही! युनायटेड एअरलाइन्स नेवार्क (न्यूयॉर्कशेजारचा विमानतळ)–सॅन फ्रान्सिस्को मार्गावर तीच जागा 'बिझनेस' म्हणून विकते. डेल्टाकडे त्याचं नाव 'डेल्टा वन', अमेरिकन एअरलाइन्सकडे 'फ्लॅगशिप'. जेटब्लूने २०१४ साली 'मिंट' काढलं. त्यांच्या एअरबस ए-३२१ च्या पहिल्या खेपेत अशा सोळा जागा होत्या आणि त्यातल्या चारांना सरकतं दार. माझी आई त्याला 'पुदिन्याचं तिकीट' म्हणते.

म्हणजे एकाच कंपनीत 'फर्स्ट' म्हणजे खुर्ची आणि 'बिझनेस' म्हणजे पलंग. आपल्या डोक्यातल्या उतरंडीच्या बरोब्बर उलट. त्यामुळे काकांना वर्गाचं नाव सांगूच नका, विमान सांगा. तिकिटावर ७३७ किंवा ए-३२० असेल तर बसायचं, हे धरून चालायचं. ७७७ किंवा ७८७ दिसलं तर आसनांचा नकाशा उघडून बघायचा, कारण परदेशी फेऱ्यांची मोठी विमानं कधीकधी देशातल्या देशात धावतात आणि तेव्हा तो पलंग 'फर्स्ट'च्या नावाने मिळून जातो. हवाई बेटांकडे जाणाऱ्या काही लांब फेऱ्यांवरही.

शब्द म्हणाल तर आमच्या घरी 'बसकं तिकीट' आणि 'आडवं तिकीट' चालतं. "आडवं आहे का?" एवढंच विचारायचं.

निवृत्त_पासधारक :
'आडवं तिकीट' फार आवडलं. रेल्वेकडे याला शब्द आधीपासून आहे, 'शयनयान', पण तो पाटीवरच शोभतो. कोणी "मी शयनयानाने आलो" म्हटलेलं ऐकलं नाही.

मी अनेक वर्षं पुणे–मुंबई पासावर डेक्कन क्वीनने केली. १९३० सालची गाडी, दिमाख केवढा, तरी झोपायला कुठेच नाही. कारण झोपायचं कशाला? तीन-सव्वातीन तासांत पोचतो माणूस. डायनिंग कारमधलं चीज टोस्ट आणि गरम चहा, बास. मुलाने मला डेन्व्हरहून सिअ‍ॅटलला पुढच्या तिकिटावर नेलं तेव्हा मी मनात डेक्कन क्वीन धरून बसलो होतो, म्हणून सुखात गेलो. बसल्या-बसल्या काचेच्या पेल्यात पेय, विमान हलायच्याही आधी. गुडघे आणि समोरची पाठ यांच्यात वीतभर मोकळं. शेजारी एकच माणूस, तोही झोपलेला. याहून काय पाहिजे?

बारीकसारीक :
वितींवरून आठवलं, इंचांत सांगते. मागच्या खुर्च्यांची एका पाठीपासून दुसऱ्या पाठीपर्यंतची लांबी साधारण ३० ते ३२ इंच असते, पुढच्यांची ३७ च्या आसपास. रुंदी मागे १७-१८ इंच, पुढे २०-२१. म्हणजे पैसे मोजता ते बहुतेक या सात इंच लांबीचे आणि तीन इंच रुंदीचे. बाकी पेला आणि पडदा.

आणि 'कोच'! यावर कोणीच बोललं नाही. अमेरिकेत मागच्या स्वस्त भागाला 'कोच' म्हणतात. आपल्याकडे 'एसी कोच' म्हटलं की ऐट, शिवाय दिवाणखान्यात असतो तो कोच, आणि क्रिकेट शिकवतो तो कोच. माझ्या सासूबाईंना भाचा म्हणाला, "आम्ही कोचने आलो", तर त्या म्हणाल्या, "बरं झालं, पाठ टेकता आली असेल."

शब्द मूळ हंगेरीतल्या कोच नावाच्या गावचा, तिथे घोडागाड्या बनत. तिथून इंग्रजीत गाडी झाली, मग रेल्वेचा डबा. अमेरिकी रेल्वेत झोपायच्या पुलमन डब्यांच्या तुलनेत नुसतं बसायचा डबा तो कोच. तिथूनच तो विमानात चढला. १९४८ साली कॅपिटल एअरलाइन्सने शिकागो–न्यूयॉर्क अशा रात्रीच्या स्वस्त कोच-फेऱ्या सुरू केल्या. गंमत अशी की त्याआधीच्या नेहमीच्या तिकिटाला वेगळ्या नावाची गरज फारशी पडली नव्हती. खाली स्वस्त तिकीट आलं आणि वरचं आपोआप 'फर्स्ट' ठरलं. दुसरा आल्याशिवाय पहिला कुठला?

ठाणे_फास्ट :
म्हणजे धाकट्याच्या जन्माने थोरला होतो, तसं.

काठावरपास :
कागदावर आणखी एक अडलंय. मधल्या रांगा असतात ना, पुढच्या केबिनच्या लगेच मागे, खुर्ची साधीच पण पायाला जागा जास्त. डेल्टाचं 'कम्फर्ट', युनायटेडचं 'इकॉनॉमी प्लस', अमेरिकनचं 'मेन केबिन एक्स्ट्रा'. मी 'प्रीमियम' लिहिलं तर काकांचा फोन आला, "हप्ता कुणी भरायचा?" आयुष्यभर एलआयसीत नोकरी केली आहे त्यांनी.

दुपारची_झोप :
'प्रीमियम' नकोच. प्रीमियम इकॉनॉमी नावाची खरोखर रुंद खुर्ची परदेशी लांबच्या विमानांत असते, ती वेगळी. या मधल्या रांगांत रुंदी एक इंचही वाढत नाही, तीन-तीनच्याच खुर्च्या, मधला माणूस चेपलेलाच. वाढतात ते फक्त पाय. 'पायमोकळी रांग' कशी वाटते?

निवृत्त_पासधारक :
नको हो. 'पाय मोकळे करणे' म्हणजे जेवल्यावर कोपऱ्यापर्यंत चक्कर मारून येणे. काका उठून चालायला लागतील.

बारीकसारीक :
'ऐसपैस रांग'ही नको, कारण ती ऐसपैस नाहीच. 'लांब पायांची रांग' म्हणा. बोजड आहे पण खोटं बोलत नाही.

लगेजवाला :
शब्दांच्या नादात कामाचं राहून जाईल. डेल्टा, अमेरिकन, युनायटेड तिन्हींच्या पुढच्या तिकिटावर माणशी दोन बॅगा फुकट जातात आणि प्रत्येकी ७० पौंड, म्हणजे जवळजवळ ३२ किलो. मागच्या तिकिटावर ५० पौंड आणि वर पैसे. बहिणीकडे लोणची, पापड, मेतकूट, साड्या न्यायच्या असतील तर निम्मी किंमत इथेच वसूल.

लाउंजचं मात्र काकांना आधीच सांगा. आपल्याकडे डोमेस्टिकला बिझनेसच्या तिकिटावर लाउंजमध्ये पोहे-इडली खाऊन माणूस चढतो. तिकडे साध्या देशांतर्गत फर्स्टवर या तिघांकडे तो हक्क नाही. दारातून परत येणं फार जिव्हारी लागतं, अनुभव आहे.

जेवण ॲपमधून आधी नोंदवता येतं. तुमच्या आईंचा पास्ता तिथेच सुटला.

काठावरपास :
आधी नोंदवता येतं?! आईला हे सांगत नाही. सांगितलं तर फिनिक्स मला जन्मभर ऐकावं लागेल.

ठाणे_फास्ट :
आणि छोटं विमान निघालं तर? एम्ब्रेअर १७५. त्यात पुढे बारा जागा, एका बाजूला एक-एक, दुसऱ्या बाजूला दोन-दोन. मला तर हीच सगळ्यात आवडते. एकलकोंडी खुर्ची, खिडकीही तुमची, वाटही तुमची.

काठावरपास :
'एकांडी खुर्ची' लिहितो. काकू खूश होतील, काका घोरतात.

'अपग्रेड'ला काय म्हणू? मी सारखा विमानाने फिरतो म्हणून कधीकधी मला फुकट पुढे बसवतात. काका त्याला 'बढती' म्हणतात, ते चुकीचं वाटतं. पगार कुठे वाढलाय.

निवृत्त_पासधारक :
'वर्णी लागली.' दुसरा शब्दच नाही. लायकी, वशिला आणि नशीब यातलं नक्की काय कामी आलं ते कळत नाही, तेव्हा मराठीत वर्णी लागते.

दुपारची_झोप :
अगदी! आणि गेटजवळच्या पडद्यावर अपग्रेडसाठी थांबलेल्यांची यादी बघायची. आडनावाची पहिली तीन अक्षरं आणि नावाचं एक. समोर हिरवी खूण झाली की वर्णी लागली. माझा नवरा अजून म्हणतो, "चार्ट लागला का?" मनमाडच्या स्टेशनावर वडिलांचं बोट धरून आरक्षणाचा चार्ट बघितलेला माणूस, तो दुसरं काय म्हणणार. मी एकदा सलग चार फेऱ्या यादीत पहिली होते आणि चारही वेळा पुढे जागा एकही उरली नाही. 'वेटिंग एक'चं दुःख जगात सगळीकडे सारखंच.

शासकीय_मराठी :
विमानातल्या पडद्याशेजारच्या पहिल्या रांगेला, जिच्यासमोर भिंत असते, तिला 'अग्रभित्ती रांग' म्हणता येईल.

लगेजवाला :
म्हणता येईल, पण म्हणेल कोण? 'भिंतीची रांग'. आणि काकूंना सांगा, तिथे पायाशी पर्स ठेवू देत नाहीत, उडताना आणि उतरताना सगळं वर टाकावं लागतं. औषधं खिशात ठेवायची.

काठावरपास :
हे झालं. शेवटचं एक, 'एक्झिट रो'. आपत्कालीन निर्गमन वगैरे लिहवत नाही.

निवृत्त_पासधारक :
एसटीत काय लिहिलेलं असतं? 'संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग.' तेच लिहा, काकांना पाठ असणार. फक्त गुडघे दुखत असतील तर तिथे बसू नका म्हणावं, ते दार स्वतः उघडावं लागतं.