विषय: होमस्टेडला दहावीत येणारा भाचा, मराठी माध्यमाचा दाखला (शुक्रवारच्या आत)

प्रेषक: स्मिता, सनीव्हेल (कॅलिफोर्निया)

नमस्कार मंडळी,
घाईत लिहितेय. दादा-वहिनी ऑगस्टच्या सुरुवातीला पुण्याहून येताहेत. घर मेरी अ‍ॅव्हेन्यूला, म्हणजे शाळा होमस्टेड हायस्कूल. भाचा नववी करून येतोय. मराठी माध्यम, पण आठवीपासून सेमी. यूसीला (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला) लागणारी दोन वर्षांची भाषा मराठीवर भागते, की स्पॅनिश १ पासून सुरुवात? दादा शुक्रवारी शाळेतून दाखला घेणार, नंतर मुख्याध्यापक रजेवर. दाखल्यावर काय लिहून घ्यायचं? वीणाताई, मागे तुम्हीच हे सगळ्यांना सांगितलं होतंत.
– स्मिता

प्रेषक: वीणा

स्मिता, दोन हिशेब वेगळे ठेव. हायस्कूलमधून पदवी मिळायला राज्य भाषेची सक्ती करत नाही. भाषा, कला किंवा व्यवसायशिक्षण, यांपैकी एक वर्ष पुरतं. यूसीचं ‘ए ते जी’ निराळं: १५ वार्षिक विषय, प्रत्येकात किमान सी ग्रेड, त्यातले ११ बारावी सुरू होण्याआधी. त्यातलं ‘ई’ म्हणजे इंग्रजीखेरीज भाषा, दोन वर्षं.

वर्गात न बसता ‘ई’ भागवता येतं. मराठीची एपी (कॉलेजच्या पातळीची परीक्षा) नाही, तेव्हा तो रस्ता सोड. बाकीच्यांतले आपल्या कामाचे दोन. एक, दुसऱ्या भाषेच्या माध्यमात दोन वर्षांचं शालेय शिक्षण, गुणपत्रिकांसह. दुसरा, इथल्या प्रिन्सिपलनी प्रमाणित करणं. त्यासाठी ते भाषाशिक्षकांचं किंवा त्या भाषेच्या सांस्कृतिक संस्थेचं मत घेऊ शकतात. म्हणजे आपल्या मराठी मंडळाचं पत्र इथे खरंच कामाला येतं. मात्र नोंद ट्रान्स्क्रिप्टवर (इथल्या शाळेच्या अधिकृत गुणनोंदीवर) झाली पाहिजे, पत्र फाईलला लावून भागत नाही.
– वीणा

प्रेषक: प्रकाश

सेमीला सरसकट ‘मराठी माध्यम’ लिहून आणू नका. गणित-विज्ञान इंग्रजीतून झालंय हे गुणपत्रिकेवर दिसणार, आणि मग काउन्सेलरला सगळ्याच कागदांबद्दल शंका येईल. सहावी-सातवी पूर्ण मराठीतून झालीय ना? मग सहावी ते नववी चारही वर्षांच्या गुणपत्रिका घ्या. आठवी-नववीसाठी कोणता विषय कोणत्या भाषेतून शिकवला, हे लेटरहेडवर स्पष्ट लिहून घ्या, शक्यतो इंग्रजीत. मंडळाच्या पत्राबद्दल म्हणाल तर ते मंडळाच्या शाळा समितीकडूनच जाईल, परस्पर कोणी देऊ नये.
– प्रकाश

प्रेषक: अनिरुद्ध

भाड्याचंच घर आहे तर माँटा व्हिस्टा हायस्कूलच्या हद्दीत का नाही बघत? होमस्टेडला अ‍ॅपलवाले जॉब्ज आणि वॉझ्नियाक एका वर्गात होते एवढंच लोक सांगतात.

प्रेषक: प्रकाश

एका वर्गात नव्हते. वॉझ्नियाक १९६८ ला शाळेतून बाहेर पडले, जॉब्ज १९७२ ला. दोघांनी जॉन मॅककॉलम सरांचा इलेक्ट्रॉनिक्सचा विषय घेतला, पण वेगवेगळ्या वर्षी. ओळख करून दिली दोघांचा मित्र बिल फर्नांडिसने, १९७१ मध्ये. मंडळाच्या स्मरणिकेत तरी हे बरोबर छापा.

आणि माँटा व्हिस्टाच का? पाचही शाळा एकाच शालेय डिस्ट्रिक्टच्या. फ्रीमाँट १९२३, क्युपर्टिनो १९५८, होमस्टेड १९६२, लिनब्रुक १९६५, माँटा व्हिस्टा १९६९. जर्दाळू आणि प्रूनच्या बागा तोडून घरं झाली तशा पुढच्या चार उभ्या राहिल्या. मुलं कमी झाल्यावर १९८१ साली सनीव्हेल हायस्कूल बंदही झालं. शिक्षकांचा पगार एकाच तिजोरीतून निघतो.
– प्रकाश

प्रेषक: मंजिरी

शाळेची तुलना नको, भाषेचा निर्णय वेळापत्रकावर ठरेल. दहावीत इंग्लिश, वर्ल्ड हिस्टरी, गणित, विज्ञान आणि पीई (शारीरिक शिक्षण) हे पाच जवळपास ठरलेले. पीई राज्याच्या नियमाने दोन वर्षं, आणि नववी इथे न केलेल्याला ती आता भरावी लागते. सहावा तास भाषेला गेला की बँड, ‘एपिटाफ’ वृत्तपत्र, काहीच बसत नाही. बँड आणि ‘एपिटाफ’ हे दोन्ही वर्ग आहेत, नुसते क्लब नाहीत, हे नव्या पालकांच्या लक्षात येत नाही. मार्चिंग बँडचा सराव शाळा सुरू होण्याआधीच लागतो आणि नोव्हेंबरपर्यंत शनिवार स्पर्धांत जातात. रोबोटिक्स (टीम ६७०) शाळा सुटल्यावर असतं. त्याचा खरा जोर जानेवारीत त्या वर्षीच्या स्पर्धेचा खेळ जाहीर झाल्यावर. मुलाला यातलं काही हवं असेल तर ‘ई’ मराठीवर सोडवणं म्हणजे अख्खा तास वाचवणं.
– मंजिरी

प्रेषक: वीणा

मंजिरीचं पटलं, पण एक: मराठीची नोंद लेखी मिळेपर्यंत स्पॅनिश १ सोडू नका. अकरावीत ‘नाही’ कळलं तर दोन वर्षं बसवायची कुठे? यूसीत स्पॅनिश २ सी मिळवून पूर्ण केलं की स्पॅनिश १ आपोआप धरलं जातं. डी अ‍ॅन्झा कॉलेजचाही पर्याय आहे. मेरी अ‍ॅव्हेन्यूच्या सायकलपुलावरून (२००९ चा, २८० हायवेवरचा) मुलं सायकलने तिकडे जातात. हायस्कूलच्या मुलांना तिथे एका वेळी ११ युनिटपर्यंत शिक्षणशुल्क नाही, पण पाच युनिटची भाषा एका क्वार्टरमध्ये (जेमतेम तीन महिन्यांत) उरकते. वेग झेपला पाहिजे.

दाखल्याबद्दल, दादांना हे असंच पाठव: शाळा सोडल्याचा दाखला मूळ प्रत एकदाच मिळते, पुढच्या प्रतीवर ‘डुप्लिकेट’ शिक्का येतो. ती कोणाला देऊन टाकू नका, छायाप्रत द्या. बोनाफाईड वेगळं घ्या. नाव पासपोर्टप्रमाणे, कारण आपल्याकडे आडनाव आधी लिहितात आणि इथला क्लार्क तेच पहिलं नाव समजून नोंदवतो. मग ट्रान्स्क्रिप्टवर ते दुरुस्त करायला महिना जातो.
– वीणा

प्रेषक: मंजिरी

लसींचं कोणीच बोललं नाही. प्रवेश तिथेच अडतो. पुण्यात दहाव्या वर्षी सरकारी वेळापत्रकात टीडी (धनुर्वात-घटसर्पाची लस) देतात, त्यात डांग्या खोकल्याचा भाग नसतो. इथे वयाच्या सात वर्षांनंतर घेतलेला टीडॅप (डांग्या खोकल्यासकट) लागतो, तो पुण्यात खाजगी डॉक्टरांकडे निघायच्या आधी घ्या. कांजिण्यांचे दोन डोस सरकारी यादीत नाहीत, तेही बघा. बीसीजी झालेल्या मुलाची त्वचेवरची टीबी चाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते, आणि मग एक्स-रे. रक्ताची चाचणी मागा, तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही. टीबीचा फॉर्म इथल्या परवानाधारक डॉक्टरांनीच भरायचा असतो, म्हणून अपॉइंटमेंट आत्ताच घ्या.
– मंजिरी

प्रेषक: स्मिता

दादाला सगळं जसंच्या तसं पाठवलं. प्रकाशकाका, मंडळाच्या पत्रासाठी शाळा समितीला कोणते कागद हवेत?

प्रेषक: प्रकाश

चारही गुणपत्रिका आणि मुलाने हाताने लिहिलेलं एक पानभर मराठी. बोलणं समिती इथे ऐकेल. पत्र प्रिन्सिपलच्या नावे, काउन्सेलरला प्रत.
– प्रकाश