गुण मोजणारी स्क्रिप्ट: उत्तरामागचे गुण पाहून माणूस कळतो का?

कडकभाकरी:
स्टॅक ओव्हरफ्लो, म्हणजे प्रोग्रामरांची प्रश्नोत्तरांची साइट. तिथल्या गुणांचा हिशेब लावायला रविवारी सोलापुरात होटगी रोडच्या खोलीवर बसून पायथन या प्रोग्रामिंग भाषेत साठेक ओळी लिहिल्या. उत्तराला पसंती मिळाली की +10, उत्तर स्वीकारलं की +15, नापसंतीला −2. आधी सरासरी काढली, ती भलतीच फुगली. लाखांत गुण असलेले मोजके लोक सगळ्यांना वर ओढतात. मध्यक, म्हणजे सगळ्यांना गुणांच्या क्रमाने लावल्यावर मधल्या माणसाचा आकडा, काढला तर थेट 1, म्हणजे खातं उघडताना मिळतो तेवढाच! म्हणून माझं मत: एकूण गुण बघूच नका, एका उत्तरामागे किती पडले ते बघा. गंमत म्हणून केलं, पण यातून माणूस कळतो.

धोटा:
नाही पटलं भाऊ. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचे माग होते. मजुरी नगावर. पण वडील प्रत्येक चादर उजेडात धरायचे, तुटका धागा बोटाला लागला की नग बाजूला. नुसते नग मोजून विणकर कळत नाही. गिट म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन. त्यातली शेवटची कमिट, म्हणजे शेवटची नोंद, मागे कशी घ्यायची, हा प्रश्न 2009 चा. तो रोज कुणालातरी पडतो, त्यामुळे उत्तर देणाऱ्याचे गुण आजही वाढतायत. एखाद्याने दोन रात्री जागून कोडमधला अवघड बग, म्हणजे चूक, सोडवला, तर त्याला पसंत्या दोन. तुझ्या भागाकारात हा माणूस तळाला जातो.

कडकभाकरी:
जुनेपणाचं मान्य. उत्तराच्या वयानेही भागतो की. पण मोजायचंच नाही, हे नाही पटत.

नवीपेठ:
मोजा, पण गुण नको, मतं मोजा. प्रश्नाच्या पसंतीला आधी 5 मिळायचे, नोव्हेंबर 2019 मध्ये 10 केले आणि जुन्या प्रश्नांनाही लावले. काम तेच, आकडा रातोरात वाढला. शिवाय पसंतीच्या गुणांना दिवसाला 200 ची मर्यादा आहे. एका दिवसात उत्तराला 20 पसंत्या आल्या काय नि 50 आल्या काय, गुण तेवढेच. वयाने भागून हे सुटत नाही.

कडकभाकरी:
हे लक्षातच नव्हतं आलं. आज रात्री बदलतो.

धोटा:
मतं मोजलीस तरी माझा दोन पसंत्यांवाला तळालाच राहणार. एक कर. तुझ्याच स्क्रिप्टने स्वीकारलेली, पण दोन किंवा त्याहून कमी पसंत्या असलेली उत्तरं वेगळी काढ. पन्नास दे, मी एकेक वाचतो.