बायकोचं किडनी ट्रान्सप्लांट, घरी येऊन १७ दिवस झाले: अनुभवी लोकांचा सल्ला हवा

सोलापुरी_चादर
नमस्कार मंडळी. बायकोचं (वय ३४) पुण्यात किडनी ट्रान्सप्लांट झालं. किडनी तिच्या आईने दिली. दीड महिना तिथेच खोली घेऊन राहिलो, आता सोलापुरात घरी आहोत. क्रिएटिनिन (किडनी कशी चाललीय ते सांगणारी रक्ततपासणी) १.२ आहे, लघवीच्या नळीत ठेवलेला स्टेंटही काढून झाला. डिस्चार्जचा कागद पाठ झालाय, पण त्यावर घर चालत नाही.

पहिली अडचण पाण्याची. डॉक्टर म्हणतात दिवसाला तीन लिटर. डायलिसिसच्या तीन वर्षांत तिने घोट मोजून पाणी प्यायलंय, एप्रिल-मेचे दिवस बर्फाचे खडे चघळून काढलेत. आता पेला हातात घेते आणि अर्ध्यावर थांबते.

दुसरी, पाहुणे. आमच्याकडे भेटायला न येणं म्हणजे पाप. तिसरी, आत्या. गुळवेलीचा काढा घेऊन बसलीय, "ताकद येईल" म्हणते.

शेवटची म्हणजे मीच. दर दोन तासांनी ताप बघतो. काल बायको म्हणाली, "मी बरी झालेय, तुम्हाला कळलंय का?"

ठेच्याची_वाटी
आधी काढा बंद! नवऱ्याच्या ट्रान्सप्लांटला सहा वर्षं झाली, आमच्याकडेही अशी एक आत्या होती. तिला सांगा, शरीराला नवी किडनी परकी वाटते, ते तिच्या अंगावर धावून जाऊ नये म्हणून प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवलीय. आपण कुत्रा साखळीने बांधतोय आणि आत्या त्याला मटण चारतेय. आमच्या आत्याबाईंना हे एका फटक्यात पटलं.

फळांत पपनस आणि ग्रेपफ्रूट नको, त्याने टॅक्रोलिमसची, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळीची, रक्तातली पातळी वाढते. गणपतीत कुणीतरी पपनस आणतंच, लक्ष ठेवा. अंगदुखीला डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन अजिबात नाही. दाताच्या किंवा कुठल्याही डॉक्टरांनी नवं औषध लिहिलं की आधी तुमच्या नेफ्रोलॉजिस्टना (किडनीच्या डॉक्टरांना) फोन. क्लॅरिथ्रोमायसिन, फ्लुकोनॅझोल ही अगदी सर्रास दिली जाणारी औषधंही ती पातळी वर नेतात. दुकानदार "तेच आहे, कंपनी वेगळी" म्हणाला तरी परस्पर ब्रँड बदलायचा नाही.

आणि आमची चूक तुम्ही करू नका. टॅक्रोलिमसची लेव्हल तपासायच्या दिवशी सकाळची गोळी रक्त दिल्यानंतरच घ्यायची. ह्यांनी सवयीने सात वाजता घेतली आणि नऊला रक्त दिलं. रिपोर्ट असा आला की माझे हातपाय गळाले. परत तपासलं तर सगळं ठीक! तेव्हापासून गोळीची डबी माझ्या पर्समध्ये.

पाहुण्यांना सरळ अंगणात खुर्च्या टाका. चपलांच्या स्टँडवर मास्कचा डबा ठेवा. सर्दीवाल्याने फोनवर बोलावं. ज्या घरात कांजिण्या चालू आहेत तिथलं कुणीही नको. रुसले तर वर्षभराने जेवायला बोलवा, येतात.

कात्रजचा_बोगदा
गॅलरीत कबुतरं असतील तर जाळी लावा, आणि ती घाण तिला साफ करू देऊ नका. त्यातून बुरशीचा संसर्ग होऊ शकतो. भिंतीची ओल, घराचं खोदकाम, कुंड्यांतली माती हेही सध्या लांबच.

पत्रावळ
मी स्वतः किडनी मिळालेली बाई, नववं वर्ष चालू आहे. पाण्याचं तुमच्या बायकोला काय होतंय ते मला माहितीय. पहिले दोन महिने मला चोरून पाणी प्यायल्यासारखं वाटायचं. डायलिसिसला काट्यावर उभं राहिलं आणि वजन जास्त भरलं की ओरडा बसायचा, तो कानातून जात नाही. "पी, पी" म्हणून मागे लागू नका. उकळून गार केलेल्या पाण्याच्या एक-एक लिटरच्या तीन बाटल्या भरून तिच्याजवळ ठेवा, रिकामी झालेली तिनेच उचलायची. शहाळं मात्र पोटॅशियमचा रिपोर्ट दाखवून, विचारूनच.

वही तिच्या हातात द्या. बीपी, वजन, लघवी किती झाली, ताप, सगळं तिने लिहायचं. ताप सकाळ-संध्याकाळ पुरे, मधे अंग गरम वाटलं तर वेगळं. पण १००.४ फॅरनहाइट ताप, लघवी कमी, एका दिवसात किलोभर वजन, किडनीच्या जागी दुखणं, उलट्या-जुलाब, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट न बघता फोन. जुलाबातही टॅक्रोलिमसची पातळी वाढू शकते, त्यामुळे घरचा उपाय नाही.

कच्ची कोशिंबीर, कच्ची मोडाची उसळ, पाणीपुरी, उसाचा रस सध्या विसरा. हात थरथरतील, चेहरा गोल होईल, कारण नसताना रडू येईल. बरंचसं गोळ्यांचं असतं ते, तरी डॉक्टरांना सांगा.

एक गोष्ट कुणी बोलत नाही म्हणून मीच बोलते. ट्रान्सप्लांटनंतर पाळी पुन्हा नियमित होऊ शकते आणि दिवसही जाऊ शकतात. मायकोफेनोलेट, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणारं दुसरं औषध, चालू असताना दिवस गेले तर ते बाळाला घातक आहे. संततिनियमनाचं दोघांनी मिळून डॉक्टरांना विचारा, लाजू नका. मूल हवं असेल तर निदान वर्षभर थांबून, औषधं बदलून घेऊन विचार करता येतो.

गुऱ्हाळ
सगळं वाचलं. किडनी देणारी आई कुठे आहे? मी भावाला दिली होती. घरी आल्यावर सगळे त्याच्याभोवती, मी तिसऱ्या दिवशी स्वतःचा चहा करून घेतला. सुरुवातीचे सहा आठवडे जड उचलायचं नसतं. पुढेही दरवर्षी तिचं बीपी, लघवी, क्रिएटिनिन तपासायचं, पेनकिलर तिनेही जपून. तिच्या नावाची फाइल केलीय का?

सोलापुरी_चादर
नाही केली. सासूबाई आमच्याकडेच आहेत आणि परवाच त्यांच्या हातातून मी पाण्याची बादली काढून घेतली होती, ती पण मला नळाजवळ जायचं होतं म्हणून. आज फाइल आणली. पुढच्या फेरीला दोघींना नेतो.

आत्याला कुत्र्याचं सांगितलं. रागावली, पण काढा घेऊन गेली.

वही बायकोला दिलीय. पाण्याच्या रकान्यात आज २४०० आहे. शेवटी एक रकाना माझ्या नावाचाही आखलाय, दिवसात कितीदा ताप विचारला. आज चार.